डोमाजी फिटरचं थरथरतं घड्याळ

मला एक वाईट खोड आहे. गिऱ्हाईक काय घेतं यापेक्षा ते काहून घेतं, हे मला आधी पाहिजे असतं. दिग्रसच्या बसस्टँडजवळ माझं मोबाइलचं दुकान आहे. मालक मी, नोकर मी आणि झाडू मारणारीही मीच. कोणी चार्जर मागितला की मी आधी विचारते, जुन्याचं काय झालं? माझा नवरा म्हणतो, निकिता, तुझ्या या चौकशीपायी निम्मे लोक पलीकडच्या दुकानात जातात. जाऊ देत. चौकशी न करता विकायचं असतं तर मी केळी विकली असती.

डोमाजी फिटर दुकानात आला तो डिसेंबरात, कापसाचा सीझन भरात असताना. साठीला टेकलेला माणूस, भुवयांत रुईचे तंतू अडकलेले, बोटांच्या पेरांत काळं ग्रीस. "हातात बांधाचं मोबाइलचं घड्याळ दाखव," तो इतक्या मोठ्यानं बोलला की शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून पाहू लागली.

"कायले पाहिजे, काका?" मी विचारलं.

त्यानं माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही, ओठांकडे पाहिलं. "पुन्हा बोल. हळू बोल. अन् माह्याकडे पाहून बोल."

मंग माझ्या लक्षात आलं, याला ऐकू येत नाही. चौतीस वर्षं हा माणूस जिनमध्ये फिटर आहे. कापसातून सरकी वेगळी काढणारी मशिनं एकाच छपराखाली ओळीनं धडधडतात, आणि डोमाजीचा दिवस त्या ओळीच्या मधोमध जायचा. उजवा कान दहा वर्षांपूर्वी गेला. डाव्यात मागे भांडं आदळलं तरच कळतं. कानातली मशीन त्यानं घेतली होती, पण ती शिट्ट्या मारायची, म्हणून डबीत पडून होती.

तरी जिनमध्ये त्याचं काही अडत नव्हतं. तिथं धडधाकट कानाचेही लोक खुणांनी आणि ओठांनीच बोलतात. आणि मशीन बिघडलं तर डोमाजी त्यावर नुसता तळहात ठेवायचा. कोणतं बेअरिंग गेलं, कोणता रोलर घासतो, हे तो हातानं सांगायचा. नवीन आलेले डिप्लोमावाले पोट्टे त्याच्यामागे वहीपेन घेऊन फिरायचे. हे मला नंतर कळलं, आणि अर्थात मी विचारलं म्हणून कळलं.

मी त्याला घड्याळ दाखवलं. फोन आला की ते मनगटावर थरथरतं, हेही दाखवलं. माझ्या फोनवरून रिंग दिली आणि घड्याळ त्याच्या हातात थरथरलं. डोमाजीनं डोळे मिटले. मी तीनदा रिंग दिली, तीनदा त्यानं डोळे मिटले. मंग म्हणाला, "हे आतमधून खोलून दाखव."

"खोललं तर मी कोणाले विकू?"

"मंग कशानं थरथरते थे सांग. सांगतल्याशिवाय मी नाई घेत."

माझ्यासारखाच दुसरा कोणी तरी जगात आहे, हे पाहून मला बरं वाटलं. मी ड्रॉवर उपसून एका मेलेल्या फोनची थरथरणारी मोटर काढली. तुरीच्या दोन दाण्यांएवढी मोटर, आणि तिच्या टोकाला एका बाजूलाच बसवलेलं इवलंसं वजन. तारा जोडल्या तशी ती माझ्या बोटातून उडून काउंटरवर नाचायला लागली. डोमाजीनं ती चिमटीत पकडली आणि चष्मा वर करून पाहिली.

"याचं वजन तर एका अंगाले हाय," तो म्हणाला.

"तसंच असते काका. म्हणूनच थे थरथरते."

"मुद्दाम वाकडं बसवलं?"

मी मान हलवली. तो हसायला लागला. खूप वेळ हसला. "अवो, चौतीस वर्सं मी हेच सरळ करून राह्यलो. शाफ्ट जरासा एका अंगाले गेला का मशीन थरथरते, शेठ बोंबलते, अन् मी रात्रभर बसून थे सरळ करतो. अन् ह्या लोकायनं मुद्दाम वाकडं करून घड्याळात बसवलं. बाप्पा, डोकं पाह्य ना यांचं."

एवढं झाल्यावर त्यानं घड्याळ घेतलं. पण काहून घेतलं, ते अजून सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो तक्रार घेऊन आला तेव्हा ते कळलं.

तक्रार अशी की घड्याळ खोटं बोलते. दिवसभर तो एका मशीनवर हात ठेवून उभा होता आणि घड्याळ म्हणत होतं, आज तुम्ही एकवीस हजार पावलं चालले. मी समजावलं की हात हलला की ते पाऊल मोजते. "म्हणजे मशीन चाललं थे माह्या नावावर," तो म्हणाला आणि समाधानानं स्टुलावर बसला. मी चहा मागवला. चहाबरोबर माणूस खरं बोलतो.

त्याची एकुलती एक पोरगी सुरभी मारेगावकडे दिलेली. तिला सहावा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. पण सुरभीची आई चार वर्षांपूर्वी वारली. घरात डोमाजी एकटा. सुरभीची सासू मथुराबाई साफ म्हणाली होती, "पोरीले रात्री कळा आल्या तर हाक कोणाले मारीन? भिंतीले?" जावई भला माणूस, पण आई म्हणेल ते खरं मानणारा.

"खोटं नाई बोलली थे," डोमाजी म्हणाला. "म्या बी माह्या मनाले इचारलं. पोट्टी बाबा बाबा करीत राह्यली अन् मी घोरत राह्यलो तं? पण तिची माय असती तं तिनं आणलंच असतं तिले. मले बी आणाचं हाय. तिच्या मायनं लेकराची झबली बी शिवून ठेवली होती, लगन व्हाच्या आधी. पेटीत हायत."

शेजारच्या खोलीतून पोरीनं रिंग दिली तर जाग यावी म्हणून आधी त्यानं फोनच उशाखाली ठेवून पाहिला होता. थरथरत थरथरत तो खाटेवरून खाली पडला आणि डोमाजी झोपलेलाच. मंग दुपट्ट्यानं दंडाला बांधून पाहिला, तर कुशीवर वळताना फोन पाठीखाली आला आणि काच फुटली. शेजाऱ्याच्या हातून आलेल्या त्या फोनची काच मीच बदलून दिली होती, आणि कशी फुटली ते विचारायचं त्या दिवशी नेमकी विसरले होते. माझा मलाच राग आला.

त्या दिवसापासून हे काम माझंही झालं. मी त्याच्या फोनमध्ये असं करून दिलं की फक्त सुरभीचा फोन आला तरच मनगट थरथरेल, बाकीचे कंपनीवाले-बँकवाले गप्प. आठवड्यातून दोन-तीनदा, तो घरी झोपलेला असताना, सुरभी मारेगावहून रिंग द्यायची आणि डोमाजी उठायचा. नुसता उठायचा नाही, पूर्ण तालीम करायचा. उठला की गॅस बंद आहे का पाहायचं, खिळ्याला टांगलेली दवाखान्याची पिशवी घ्यायची, दार उघडायचं, आणि समोरच्या घनश्यामच्या ऑटोपर्यंत जायचं. घनश्यामला त्यानं सांगून ठेवलं होतं, मी दिसलो की काही विचारू नको, ऑटो चालू कर. पहिल्या आठवड्यात घनश्याम वैतागला. दुसऱ्या आठवड्यात तोही वेळ पाहायला लागला आणि मला येऊन सांगायचा, आज दोन मिनिटांत आला म्हातारा.

एक गोष्ट मी डोमाजीला सांगितली होती, की घड्याळ एकटं काही करत नाही, फोन त्याच घरात पाहिजे. त्यानं मान हलवली होती. मी ते त्याला एकदा करून दाखवायला पाहिजे होतं. मोटर खोलून दाखवली, आणि ज्यावर सगळं अवलंबून ते नुसतं तोंडानं सांगितलं. माझी चूक.

जानेवारीच्या शेवटी मथुराबाई सुरभीला घेऊन दिग्रसला आली. सातवा भरला होता, ओटी भरून झाली होती. पण व्याह्याबद्दल तिनं येतानाच सांगितलं, "मी माह्या डोळ्यानं पाहीन. इवाई उठले तं पोरगी इथं राहीन. नाई उठले तं साडेचारच्या यवतमाळच्या गाडीनं मी तिले वापस नेतो." मला डोमाजीनं बोलावलं होतं. घड्याळात काही झालं तर निकिता पाहून घेईल, असा त्याचा भरवसा.

त्या दिवशी तो रात्रपाळी करून सकाळी घरी आला होता. मथुराबाईच्या पाया पडला, पाटावर बसवून तिला जेवू घातलं, आणि दुपारी खाटेवर आडवा झाला. रिंग कधी द्यायची, ते त्याला सांगायचं नाही असं ठरलं होतं. दोन वाजता तो घोरायला लागला. मथुराबाईनं मान हलवली. सुरभी मागच्या खोलीत गेली आणि तिनं फोन लावला.

मी त्याच्या मनगटाकडे पाहत होते. काहीच झालं नाही. सुरभीनं पुन्हा लावला. काहीच नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली होती, फोन कानाला आणि डोळ्यांत पाणी. डोमाजी तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. खरं सांगते, मला त्याला लाथ मारून उठवावंसं वाटलं.

"झालं?" मथुराबाई म्हणाली. "पोरी, भर तुह्यी बॅग."

मी खाटेजवळ बसून घड्याळ पाहिलं. कोपऱ्यात तुटलेल्या साखळीची खूण. म्हणजे फोन जवळपास नव्हताच. मी त्याचा सदरा चाचपला, खुंटीवरची पँट चाचपली, उशी उचलली. उशी उचलल्यावर तो जागा झाला. त्यानं मला पाहिलं, मथुराबाईला पाहिलं, मंग सुरभीच्या हातातली बॅग पाहिली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"फोन कुठी हाय तुमचा?" मी त्याच्या तोंडासमोर जाऊन विचारलं.

"गेटवर," तो म्हणाला. जणू मी काही येडपटासारखं विचारलं होतं.

जिनमध्ये रुई उडत असते, एका ठिणगीनं सगळं जळेल. म्हणून आत जाताना बिडी, माचिस आणि मोबाइल गेटवर मारोतराव चौकीदाराकडे जमा करायची पद्धत आहे. बाकीचे लोक सुटी झाली की धावत आपला फोन घेतात. डोमाजीला ऐकूच येत नसल्यामुळे तो अधूनमधून फोन तिथंच विसरायचा. आणि आता तर घड्याळ आलं होतं. "नवा पार्ट मशीनले बसवला, मंग जुना स्टोअरमध्ये जमा. सगळं याच्यात आलं ना?" त्यानं मनगट दाखवत विचारलं. महिनाभराची तालीम नेमकी त्या दिवसांत झाली होती, जेव्हा फोन योगायोगानं घरी होता.

मी कपाळावर हात मारला. मंग फळ्यावर शिकवावं तसं त्याला समजावलं, फोन रिंग झेलते, घड्याळ फक्त हात हलवून सांगते, एकाशिवाय दुसरं मुकं. त्याला कळलं. तो उठला, सायकल काढली आणि जिनकडे निघाला. साठीचा माणूस, रात्रभर जागलेला, भर उन्हात.

तो गेल्यावर मला राहवलं नाही. माझी जीभ कधीच राहत नाही. "मावशी," मी म्हटलं, "फोन विसरला एवढंच झालं ना. एवढं कायले अडून बसल्या तुम्ही? तिले बी वाटत असन ना माहेरी राहावं."

मथुराबाई माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. पदर नीट करत खाटेच्या कडेवर बसली.

"माह्या बापाले दोन्ही कान होते, बाई," ती म्हणाली. "माही पयली खेप. माहेरीच होतो मी. माय मामाकडे गेलती. कळा आल्या त मी हाका मारल्या. बाप ओसरीवर होता, जागा होता. मले त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. त्याले वाटलं, बायकायचं काम हाय, उजाडलं का शेजारणीले सांगू. उजाडलं तवा लेकरू गेलं होतं. पोरगी होती. मी त्याच्यावर रागावलो नाई कधी. त्याले काय समजत होतं. पण माह्या सुनेनं हाक माराची अन् कोणी नाई उठाचं, हे मी नाई होऊ देणार. तुम्ही मले वाईट म्हणा."

सुरभीला हे ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ती सासूजवळ जाऊन बसली. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली, आणि ती मी लपवली नाही. "चुकलं माह्यं, मावशी," मी म्हटलं.

डोमाजी पाऊण तासानं आला. घामानं भिजलेला, फोन हातात उंच धरलेला. "हा घ्या. आता पाहा ना, ईनबाई. आता रिंग द्या."

मथुराबाई त्याच्या समोर उभी राहिली आणि त्याला दिसेल असं हळू बोलली. "इवाई, आता तुम्हाले ठाऊक हाय. जागा माणूस त कोणीबी उठते. झोपलेल्या माणसाची परीक्षा एकदाच होते."

मथुराबाईचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच वाईट होतं. डोमाजी दाराजवळ भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसला. सुरभी म्हणाली, निघायच्या आधी चहा करते. ती स्वयंपाकघरात गेली. साडेतीन वाजले होते. मथुराबाईनं स्वतःची पिशवी बांधली आणि सुरभीची बॅग उंबऱ्याजवळ आणून ठेवली.

थोड्या वेळानं मथुराबाईनं माझ्या हाताला स्पर्श केला आणि डोळ्यांनी दाराकडे दाखवलं. डोमाजी बसल्या जागी झोपला होता. हनुवटी छातीवर, तोंड उघडं, एक चप्पल पायातून निघालेली. रात्रपाळी आणि वरून सायकल. माणूस किती वेळ तग धरेल? फोन त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता.

मथुराबाई उठली. फळीवरचा सुरभीचा फोन तिनं घेतला आणि माझ्यासमोर धरला. कुठं दाबायचं ते खुणेनं विचारलं. मी बोटानं दाखवलं. स्वयंपाकघरात सुरभीला यातलं काही ठाऊक नव्हतं. मथुराबाईनं अंगठा टेकवला. आता घड्याळ नाही थरथरलं तर दोष माझ्याच सेटिंगचा होता.

दुसऱ्या थरथरीला डोमाजी उभा होता.

आमच्याकडे त्यानं पाहिलंच नाही. सरळ स्वयंपाकघरात गेला आणि आधी गॅस बंद केला. चहा उकळायचाच होता. खिळ्यावरची पिशवी काढली, खांद्याला अडकवली आणि सुरभीचा हात धरला. "चाल माय, चाल. भेऊ नको. मी उठलो. मी हावो." सुरभी म्हणत होती, बाबा, काही नाही झालं, बाबा, मी फोन नाही केला. पण तो तिच्या तोंडाकडे पाहत नव्हता. तो तिच्या पायांकडे पाहत होता, उंबऱ्याला ठेच लागू नये म्हणून. उंबऱ्याजवळची बॅग त्यानं पायानं बाजूला सारली. मंग सुरभीनं बोलणं सोडून दिलं आणि ती त्याच्याबरोबर चालायला लागली.

समोर घनश्यामनं दोघांना पाहिलं, हातातला पेपर टाकला आणि ऑटो चालू केला. डोमाजीनं सुरभीला आत बसवलं, शेजारी बसला, पिशवी मांडीवर घेतली. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

मथुराबाई दारात उभी होती. तिच्या हातात फोन अजून रिंग देत होता, कारण तो बंद कसा करायचा ते तिला ठाऊक नव्हतं. मी तो तिच्या हातातून घेऊन बंद केला. ती घरात वळली आणि आपली पिशवी घेऊन बाहेर आली. फक्त आपली. ऑटोजवळ गेली, एका हातानं दांडी धरली आणि घनश्यामला म्हणाली, "भाऊ, मले एकटीले स्टँडवर सोडून दे. पोरीले उतरू दे."

डोमाजी एकदा तिच्याकडे पाहत होता, एकदा घनश्यामकडे, एकदा माझ्याकडे. "काय म्हणे? काय झालं? चाल ना लवकर," तो मोठ्यानं म्हणाला.

सुरभीनं दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरून आपल्याकडे वळवला. त्याला नीट दिसेल असं, एकेक शब्द सोडून ती बोलली.

"बाबा. मी. इथंच. राह्यतो."

त्यानं तिला पुन्हा एकदा बोलायला लावलं. मंग तो पिशवी मांडीवर घट्ट धरून तिथंच ऑटोत रडायला लागला, आणि मथुराबाई दांडी धरून उभीच राहिली, गाडीची वेळ झाली तरी.